मेमरी मागितली की मिळतेच

२ जानेवारी १९७८, सोमवार

नव्या वर्षाचा संकल्प: कुणावरही वैतागायचं नाही. साडेदहापर्यंत पाळला. साडेदहाला भिमा ऑफिसात आला.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा नम्रतेचं सोंग नको. पुण्यातलं आमचं अख्खं गणकयंत्र केंद्र माझ्या एका प्रोग्रॅमवर चालणार आहे. त्याला कर्नेल म्हणतात. यंत्राचं बटण दाबलं की आत सगळ्यात आधी हा उठतो, स्वतःसाठी आणि बाकीच्या प्रोग्रॅमांसाठी मेमरीत जागा धरतो आणि मग एकेकाला कामाला लावतो. म्हणजे घरातला कर्ता पुरुष. तो मी लिहितोय. साहजिकच आहे.

भिमा सोनवणे सारोळ्याचा. हुद्दा माझाच, खोली माझीच, लोणचंही माझ्याच डब्यातलं खातो. आज माझा प्रोग्रॅम चाळून म्हणाला, मानसिंग, यंत्र उठताना तू पाच वेळा मेमरी मागतोस आणि मिळाली का ते एकदाही बघत नाहीस. नाही मिळाली तर? मी हसलो. यंत्र आत्ता कुठं उठलंय, आत चिटपाखरू नाही, सगळी मेमरी मोकळी. मोकळ्या धर्मशाळेत पहिल्याच पाहुण्याला जागा नाही असं कधी झालंय का? तर हा म्हणतो, धर्मशाळाच लहान निघाली तर?

शी. असल्या माणसांमुळं देश मागं आहे.

५ जानेवारी, गुरुवार

केंद्राच्या साहेबांनी दोघांना आत बोलावलं. कायम जागा एकच मंजूर झालीय. मी किंवा भिमा. सव्वीस जानेवारीला एखाद्या तालुक्याच्या गावी यंत्र नेऊन लोकांना दाखवायचं आणि ते कसं चालतं ते बघून साहेब ठरवणार. मी ताबडतोब भोर सुचवलं. माझं गाव. कॉलेजचा हॉल मिळेल, माणसं मिळतील. भाटघर धरणात आज किती पाणी आहे ते यंत्राला सांगायचं, कालव्याला पाण्याच्या किती पाळ्या सुटतील ते यंत्रानं छापून द्यायचं. साहेब खूश.

भिमा म्हणाला, टेम्पोत हादरे बसणार, मेमरीच्या दोन पेट्यांतली एखादी बंद पडली तर यंत्रानं निदान तसं सांगायला पाहिजे. साहेबांनी मान डोलावली. त्यांची मान कशालाही डोलते.

कायम जागा माझीच. फक्त तारीख पडायची बाकी.

८ जानेवारी, रविवार. भोर

एस.टी.त उभ्यानं आलो. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पिशवीत सुके बोंबील. शर्टाला अजून वास येतोय. चहा प्यावा म्हणून स्टँडवर थांबलो तर कपावर आधीच्या माणसाचे ओठ उमटलेले. या गावात मी जन्मलो हे खरं वाटत नाही.

नाना घरीच होते. नाना म्हणजे माझे वडील. त्यांची उभी हयात भोर स्टँडवर कंट्रोलर म्हणून माईकवर गाड्या पुकारण्यात गेली. ते रिटायर झाले, आवाज झाला नाही. घरात पाणी मागितलं तरी शेजारी पिशव्या उचलतात. यंत्र बोलत नाही, टेलिटाइपच्या कागदावर छापतं, आणि ते मागच्या रांगेला दिसणार नाही. म्हणून नानांनी माईकवर वाचून दाखवायचं असं मीच ठरवलं. नाना म्हणाले, यंत्र छापील त्ये म्या वाचनार, आपल्या मनचं येक अक्षर न्हाई. दुपारपर्यंत त्यांनी न्हाव्यापासून मामलेदार कचेरीपर्यंत सांगून टाकलं की पोरानं यंत्रात जीव घातलाय. मला अतिशयोक्ती आवडत नाही, पण खोडून काढत बसायला वेळ नव्हता.

निघताना मला स्टँडवर सोडायला आले. हळू आवाजात, म्हणजे फलाटाच्या मानानं हळू, म्हणाले की तुजी जागा कायम झालेली बघितली की मला दुसरं काय नगं. जरा बरं वाटलं. मग गाडीत पुन्हा बोंबील.

११ जानेवारी, बुधवार

भिमा आज तीन मार्ग घेऊन आला. एक: मेमरी मिळाली नाही तर यंत्रानं सरळ थांबावं आणि का थांबलो ते छापावं. दोन: तोवर जी जागा धरलीय ती शेवटची आधी, पहिली शेवटी, अशी परत करावी आणि मग थांबावं. तीन: मोठी जागा नसेल तर लहान मागून बघावं. मी म्हटलं, यंत्र उठतंय न उठतंय तोच नाही मिळालं तर, नाही मिळालं तर! अक्षता पडायच्या आधी कुणी घटस्फोटाचा वकील बघतं का?

शेवटी त्याचं तोंड बंद करायला मी एक सोय केली. मेमरी संपल्यावरही कुणी मागितलीच तर माझा प्रोग्रॅम त्याला नाही म्हणणार नाही. शून्य नंबरची जागा देऊन टाकेल. आमच्याकडं दारात आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. घर भरलेलं असलं तर पाहुण्याची पथारी ओट्यावर पडते, पण पडते. शून्य नंबर म्हणजे यंत्राचा ओटा.

भिमानं कपाळाला हात लावला. म्हणाला, त्याच ओट्यावर घड्याळाचा पत्ता ठेवलेला असतो, यंत्र दर ठोक्याला तिथं बघून पुढं कुठं जायचं ते ठरवतं, त्याच्यावर तू पाहुणा झोपवणार? मी म्हटलं, पाहुणा येणारच नाही, कारण मेमरी कमी पडणारच नाही. यावर तो आपले कागद उचलून जागेवर जाऊन बसला. माझ्या बोलण्यातला जोर.

उलट मी सगळ्या जागा दुप्पट मोठ्या मागायचं ठरवलंय. मागताना हात आखडू नये.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. मोठ्या मनानं भिमाला तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. तिळगूळ तोंडात असतानाच म्हणाला की तपासणी टाकलीस का. सणासुदीलासुद्धा!

तिळगूळही कडक होता. दाढ दुखतेय.

१७ जानेवारी, मंगळवार

ठाम निर्णय. वाद नको म्हणून उद्या पाचही ठिकाणी तपासणी टाकायची. तासाभराचं काम. गरज नाही, पण मोठेपणा दाखवायला काय जातं?

१८ जानेवारी, बुधवार

नाही झालं. कारणं: दाढ. कँटीनच्या वड्याचं तेल, ज्याचा रंग मी इथं लिहू शकत नाही. शिवाय त्याहून महत्त्वाचं काम सुचलं. यंत्र उठल्या उठल्या, मेमरी वगैरे मागायच्याही आधी, कागदावर छापेल: NAMASKAR BHORKAR MANDALI. सबंध दिवस त्याच्या अक्षरांची मांडणी करण्यात गेला.

भिमा म्हणाला, आधी सगळं जागेवर येऊ दे, मग नमस्कार कर. याला पाहुणचार कशाशी खातात ते ठाऊक नाही. माणूस दारात आला की आधी या बसा म्हणायचं की आधी डब्यात पीठ आहे का ते बघायचं?

२० जानेवारी, शुक्रवार

साहेबांनी आज मला एकट्याला विचारलं की यंत्र उठताना मेमरी मिळाली नाही तर काय होईल त्याचं काही केलंय का. मी केलंय म्हटलं.

यात खोटं काही नाही. करायचं पक्कं ठरवलंय, कसं करायचं ते डोक्यात तयार आहे, उरलं फक्त लिहिणं. लिहिणं हा कारकुनी भाग आहे. साहेब निर्धास्त झाले. मीही झालो.

२५ जानेवारी, बुधवार. भोर

किती किळसवाणा प्रवास.

भिमा काल संध्याकाळीच सारोळ्याला घरी गेला, तिथून परस्पर भोरला येणार. टेम्पोचं सगळं माझ्या माथ्यावर. टेम्पो गेणूचा. गेणू तंबाखू खातो आणि कोणत्या बाजूला थुंकणार ते आधी सांगत नाही. यंत्राचं कपाट चढवलं, टेलिटाइप चढवला, मेमरीची एक पेटी चढवली, दुसरी चढवणार तेवढ्यात फाटकात आक्काबाई उभ्या. आक्काबाई म्हणजे माझी आत्या, भाटघरची. लेकीकडं पुण्याला आली होती. मानसिंगा, भोरलाच चाललास न्हवं, मला आन माज्या कोठीला घे, म्हणाली. कोठी म्हणजे धान्याची, पत्र्याची, कोरी करकरीत. दोन माणसं आत बसून जेवतील एवढी.

गेणू म्हणाला, सायेब, कोठी तरी न्या न्हाईतर ही दुसरी पेटी तरी, दोनी काय मावत न्हाईत, काय त्ये ठरवा. आता सख्ख्या आत्याला फाटकात उभी करून नाही म्हणायचं? तेही नानांच्या बहिणीला? दुसरी पेटी परत आत ठेवून आलो. हिशेब केला आहे. एक पेटी म्हणजे निम्मी मेमरी. निम्मा लाडूही लाडूच असतो.

आक्काबाई पुढं गेणूजवळ. मी मागं कोठीला मिठी मारून. कात्रजच्या घाटात प्रत्येक वळणावर ती घुमायची. गेणूच्या थुंकण्याचा अंदाज दोनदा चुकला. भाटघरला कोठी उतरवून घेतली, तर आक्काबाई म्हणाली, एवढी चांगली कोठी आनली पन तुज्या त्या लोखंडी कपाटानं पोचा पाडला बघ. आभाराचा शब्द नाही. वर उद्याच्या कार्यक्रमाला येणार आहे.

२६ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७

कोट घातला. आरशात पाहिलं. कायम जागेवरचा माणूस असाच दिसतो.

झेंडावंदन झाल्यावर लगेच कार्यक्रम. नाना पहाटेपासून घसा साफ करताहेत. अख्खी आळी जागी झाली.

२६ जानेवारी. संध्याकाळ

लिहायची इच्छा नाही. लिहितो. मी घडलेलं लपवणाऱ्यांतला नाही.

हॉल खच्चून भरलेला. पहिल्या रांगेत साहेब, प्राचार्य, गावातली वडीलधारी माणसं. आक्काबाई त्यांच्याच शेजारी, कुणी उठवायची हिंमत केली नाही. मी बटण दाबलं. टेलिटाइप खडखडला. NAMASKAR BHORKAR MANDALI. नानांनी माईकवर, फलाटावरच्या त्याच सुरात वाचलं: नमस्कार, भोरकर मंडळी! सगळ्या हॉलनं हात जोडले. साहेबांनीसुद्धा. माझ्या अंगावर काटा आला.

टेलिटाइप पुन्हा खडखडला. NAMASKAR BHORKAR MANDALI. नानांनी वाचलं. लोकांनी पुन्हा हात जोडले. समोरच्यानं नमस्कार केला की आपण करायचा. मग ते यंत्र का असेना. तिसऱ्यांदा. पुढच्या खेपेला पहिली रांग उभी राहिली, कारण एवढा नमस्कार बसून घेणं बरं दिसत नाही. पहिली उठली म्हणून दुसरी उठली. मग सगळा हॉल उभा. यंत्र नमस्कार करतंय, नाना वाचताहेत, भोर हात जोडतंय. मी नानांना खुणेनं थांबा म्हटलं. नानांनी खुणेनंच सांगितलं की आपल्या मनचं येक अक्षर न्हाई. एका म्हातारबांचे हात दुखायला लागले तेव्हा त्यांनी ते जोडलेलेच ठेवले.

आक्काबाई मोठ्यानं म्हणाली, लई गुनाचं यंत्र हाय गं बाई, पन पान्याचं कवा सांगनार?

तोवर भिमा कपाटाचं दार उघडून आत डोकावत होता. सारोळ्याची गाडी उशिरा आली म्हणून तो आयत्या वेळी पोचला होता. त्यानं विचारलं, दुसरी पेटी कुठाय? मी म्हटलं, भाटघरला कोठी उतरवली. उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं हे मलाही कळत होतं. तो काय समजायचं ते समजला. एका पेटीत पहिल्या तीन जागा कशाबशा बसल्या, चौथी मागितली तेव्हा मेमरी संपलेली. माझ्या प्रोग्रॅमनं नाही न म्हणता शून्य नंबर दिला, तिथला घड्याळाचा पत्ता पुसला गेला आणि यंत्र दर ठोक्याला पुन्हा पहिल्यापासून उठायला लागलं. उठलं की नमस्कार. हे त्यानं मला कानात सांगितलं. साहेब कान देऊन ऐकत होते.

शेवटी भिमानं वायर उपटली. नाना थांबलेल्या कागदाकडं बघत राहिले. मग माईकवर म्हणाले की प्रवाशांनी नोंद घ्यावी, ही गाडी रद्द करण्यात आली आहे. तेवढं मात्र त्यांनी आपल्या मनचं सांगितलं.

२७ जानेवारी, शुक्रवार. भोर

शांत डोक्यानं विचार केला. एकंदरीत कार्यक्रम यशस्वी. माणूस शेवटच्या रांगेपर्यंत खिळून होता. यंत्र सुसंस्कारी आहे असं लोकांचं मत झालंय. चूक कोठीची. थोडी गेणूची.

बाजारात गेलो. न्हाव्यानं हात जोडले. मी जोडले. त्यानं पुन्हा जोडले. मला आधी कळलं नाही. मग पानवाल्यानं जोडले, पुन्हा जोडले आणि आत तोंड फिरवून हसला. तीन दुकानं पुढं जाईपर्यंत हाच प्रकार. या गावाचा मला तिटकारा आहे. लहानपणापासून होता, आज खात्री झाली.

नाना दाढी करायला बाहेर पडले नाहीत. घरीच केली. गालाला कापलं.

३० जानेवारी, सोमवार. पुणे

साहेबांनी बोलावलं. मी कोठीपासून सुरुवात केली. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, यंत्र थांबलं असतं तर मी काही म्हटलं नसतं, यंत्रं थांबतात. वीस तारखेला मी विचारलं तेव्हा तुम्ही केलंय म्हणालात. मला त्याचंच वाईट वाटतं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला रागावता आलं असतं.

कायम जागा भिमाला. कर्नेलही त्याच्याकडं. मी त्याच्या हाताखाली.

भिमा खोलीत आला, माझ्याकडं न बघता बसला. दुपारी लोणचं घेतलं नाही. मी डबा पुढं सरकवला तरी नाही घेतलं. मला फार राग आला.

नानांना अजून कळवलेलं नाही. रविवारी कळवतो. किंवा पुढच्या.

४ फेब्रुवारी, शनिवार

राजीनामा द्यायचा. कागद घेतला. इंग्रजीत लिहायचा की मराठीत यावर अडलो. मग साहेब रजेवर आहेत असं कळलं. नसलेल्या माणसाला राजीनामा देण्यात अर्थ नाही.

मध्ये सहज भिमानं लिहिलेला नवा भाग वाचला. पाचही ठिकाणी तपासणी. धरलेल्या जागा उलट्या क्रमानं परत. सगळं मिळून दीड पान. यात विशेष काय आहे? हे मीही लिहिलं असतं. तासाभराचं काम होतं.

तेवढ्यात आठवलं की सतरा तारखेला मीच इथं तसं लिहिलं होतं. वही मिटली.

१२ फेब्रुवारी, रविवार. वेल्हे

आज वेल्ह्याला यंत्र दाखवलं. माझं काम: भिमानं मान हलवली की बटण दाबणे.

मी कळवलं नव्हतं तरी नाना आले. स्टँडवरच्या जुन्या माणसांकडून त्यांना सगळ्या खबरा लागतात. नसरापूरला गाडी बदलून, धुळीनं पांढरे होऊन आले आणि पुढं जाऊन बसले. धनगरवाड्यांवरची माणसं आली होती, काठ्या-घोंगड्यांसकट. हॉलभर शेळ्यांचा वास. मला आज त्याचं काही वाटलं नाही. का ते ठाऊक नाही.

भिमानं लोकांसमोर मेमरीची एक पेटी मुद्दाम काढून खाली ठेवली. म्हणाला, आता याची निम्मी जागा काढून घेतलीय, काय करतंय ते बघू. मग नानांना हात धरून टेलिटाइपजवळ आणलं आणि तुमीच वाचा म्हणाला. माझ्याकडं बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

नानांनी वाचलं: मेमरी कमी आहे. चौथी जागा मिळाली नाही. घेतलेल्या जागा परत केल्या. थांबलो आहे.

आणि यंत्र थांबलं. खरंच. मग मागून एक धनगर म्हणाला, ब्येस, न्हाई तर न्हाई म्हनतंय! आणि टाळ्या पडल्या. थांबलेल्या यंत्राला टाळ्या. भिमानं पेटी परत बसवली, मी परत बटण दाबलं, यंत्र नीट उठलं, पाण्याचा हिशेब छापून मोकळं झालं. नाना टाळ्या वाजवत होते ते माझ्याकडं बघून.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं स्टँडकडं चालत निघालो. नाना खुशीत होते. म्हणाले, आज तुजं यंत्र खरं बोललं बघ.

मी सांगितलं. हे भिमाचं आहे. जागाही त्यालाच मिळाली, मागच्याच महिन्यात. मला नाही मिळाली.

स्टँडवर पोचलो. गाडी यायची होती. नानांनी पिशवी खाली ठेवली, टोपी काढून धूळ झटकली, परत घातली. मग विचारलं, मंग आज तू काय केलंस?

बटण दाबलं, मी म्हटलं.

नानांनी पिशवी उचलली. म्हणाले, येळेवर दाबलंस.